संदेशवहन सामग्री, बनावट व निकृष्ट

तारायंत्र, दूरध्वनी, रेडिओ, मोबाईल व संगणकीय जाळी यांसाठी लागणाऱ्या साधनांपैकी जी साधने दुसऱ्याच्या नावाने, व्यापारचिन्हाने अथवा ओळख-क्रमांकाने विकली जातात त्यांना बनावट, व जी ठरवून दिलेल्या तांत्रिक कसोट्यांना उतरत नाहीत त्यांना निकृष्ट म्हणतात. व्यवहारात दोहोंची सरमिसळ होत असली, तरी हे दोष वेगळे होत. नामांकित कारखानदाराचा खरा मालही निकृष्ट निघू शकतो आणि खोट्या नावाचे उपकरण क्वचित चांगलेही चालते. पहिल्या दोषाचा निवाडा व्यापारचिन्हांच्या कायद्याने, तर दुसऱ्याचा प्रयोगशाळेतील मापनाने होतो. हे दोन्ही मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निर्माण झाले. परंतु पुढे सुमारे शंभर वर्षे त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध आला नाही. मोबाईल दूरध्वनीच्या प्रसारानंतर ते एकत्र आणण्याचा प्रयत्न झाला. त्यात उपकरणाच्या मापनाची जागा हळूहळू उपकरणाच्या क्रमांकाने घेतली आणि दोष उत्पादकाचा असताना त्याची झळ ग्राहकाला लागू लागली.

निकृष्ट सामग्रीचा प्रश्न आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रथम पुढे आला तो समुद्रतळावरील तारांमुळे. अटलांटिक महासागरातून टाकावयाची पहिली केबल १८५७ मध्ये इंग्लंडमधील दोन कंपन्यांनी निम्मी निम्मी तयार केली. ग्रिनिच येथील कंपनीने बाहेरच्या लोखंडी तारांना एका दिशेने पीळ दिला, तर बर्कनहेड येथील कंपनीने नेमका उलट दिशेने. ही गोष्ट दोन्ही भाग तयार होईपर्यंत कोणाच्या लक्षात आली नाही. मग जोड उलगडू नये म्हणून खास युक्ती योजावी लागली. केबलच्या गाभ्यात दर सागरी मैलास १०७ पौंड तांबे व त्याभोवती निरोधक म्हणून २६१ पौंड गटापर्चा होता. गटापर्चा हा मलाया भागातील झाडांचा चीक उष्णतेने मऊ होतो. केबलचा काही भाग कारखान्याच्या आवारात उन्हात पडून राहिल्यामुळे तो मऊ पडून तांब्याची तार मध्यापासून सरकली होती. तांब्याच्या प्रतीविषयी तर कोणतीच अट नव्हती. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५७ मध्ये बाजारातील तांब्याचे निरनिराळे नमुने तपासले, तेव्हा त्यांच्या विद्युत् संवाहकतेत मोठी तफावत आढळली. तोवर तांबे म्हणजे तांबे अशीच सर्वसाधारण समजूत होती.

५ ऑगस्ट १८५८ रोजी केबल टाकून पूर्ण झाली. व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठविलेला ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. संदेश नीट जात नाहीत असे पाहून कंपनीचे विद्युत्‌तज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी सुमारे २,००० व्होल्टपर्यंतचा दाब वापरला आणि आधीच दुबळे असलेले निरोधन पार निकामी झाले. काही आठवड्यांतच केबल मूक झाली. या प्रकरणाची एक बाजू आज विशेष उद्‌बोधक वाटते. केबल टाकून उरलेला तुकडा न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांच्या पेढीने विकत घेतला, त्याचे चार चार इंचांचे तुकडे केले आणि पितळी पट्टी व सायरस फील्ड यांच्या सहीची प्रतिकृती असलेल्या अस्सलपणाच्या दाखल्यासह ते ५० सेंटला एक याप्रमाणे विकले. केबल निकामी असली, तरी तिच्या तुकड्याचा अस्सलपणा मात्र प्रमाणित झालेला होता.

याहून महाग धडा तांबड्या समुद्रात मिळाला. सुएझपासून एडनमार्गे कराचीपर्यंतची केबल १८५९–६० मध्ये टाकण्यात आली. हिंदुस्थानातील १८५७ च्या उठावानंतर लंडनला जलद वार्ता पोहोचविण्याची निकड भासत होती व म्हणून ब्रिटिश सरकारने कंपनीच्या आठ लाख पौंड भांडवलावर ५० वर्षे साडेचार टक्के व्याजाची हमी दिली. केबल चालली पाहिजे, अशी अट या हमीत नव्हती. केबल हलकी होती. प्रवाळांनी उंचसखल झालेल्या तळावर ती पुरेसा सैलपणा न ठेवता ताणून टाकली गेली होती आणि टाकण्यापूर्वी तिची कसून परीक्षा झालेली नव्हती. ती एकामागून एका ठिकाणी तुटत गेली. सर्व टप्पे एकाच वेळी सुरळीत चालले असे कधी झालेच नाही. निकामी केबलपोटी सरकारी तिजोरीला मात्र दरसाल ३६,००० पौंडांचा भार उचलावा लागला.

या दोन अपयशांनंतर ब्रिटिश व्यापार मंडळ व अटलांटिक तारायंत्र कंपनी यांनी १८५९ मध्ये एक संयुक्त समिती नेमली. तिचा अहवाल १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर जगात टाकलेल्या ११,३६४ मैल समुद्री केबलींपैकी अवघ्या सुमारे ३,००० मैल केबली चालू स्थितीत होत्या. समितीने अभियंते, कारखानदार, रसायनशास्त्रज्ञ व भौतिकीविज्ञ यांच्या साक्षी घेतल्या आणि दोष निसर्गाचा नसून मालाचा व पद्धतीचा आहे, असा निर्वाळा दिला. तांब्याची शुद्धता, निरोधनाची जाडी, जोडांची परीक्षा व पाण्याखालील चाचणी या गोष्टी त्यानंतर कंत्राटातच लिहिल्या जाऊ लागल्या. सदोष संदेशवहन सामग्रीविरुद्ध योजलेला हा पहिला शिस्तबद्ध उपाय म्हणता येईल.

त्याचे फळ हिंदुस्थानच्या वाट्याला लवकर आले. इराणच्या आखातातील १८६४ ची केबल चार्ल्स ब्राइट व लॅटिमर क्लार्क यांच्या देखरेखीखाली तयार झाली. तिच्या गाभ्याचा प्रत्येक भाग सुमारे २४° से. (७५° फॅ.) तापमानाच्या पाण्यात बुडवून व दाबाखाली ठेवून तपासण्यात आला. गटापर्चाचा विद्युत् रोध तापमानानुसार फार बदलतो. म्हणून सर्व मोजमापे एकाच तापमानाला घेण्याचा हा दंडक पुढे रूढ झाला. शिडाच्या जहाजांतून ही केबल आफ्रिकेला वळसा घालून मुंबईस आणण्यात आली आणि तेथून आगबोटींच्या साहाय्याने आखातात नेऊन टाकण्यात आली. ग्वादर ते फाव हा मार्ग पूर्ण झाल्यावर १८६५ मध्ये हिंदुस्थान व यूरोप यांच्यात तारेने संबंध जोडला गेला. १८६६ मध्ये यशस्वी झालेल्या अटलांटिक केबलमध्येही दर सागरी मैलास तांबे ३०० व गटापर्चा ४०० पौंडांपर्यंत वाढविण्यात आला होता. हे यश केवळ जाडीचे नव्हते. संवाहकता कंत्राटानुसार मोजून घेतलेली होती.

मोजायचे, तर एकक हवे. निरनिराळ्या देशांतील कारखाने आपापल्या तारांची लांबी हेच रोधाचे माप धरीत व त्यामुळे एकाची तपासणी दुसऱ्याला पडताळता येत नसे. ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये नेमलेल्या समितीने रोधाचे प्रमाणभूत एकक तयार केले आणि १८८१ च्या पॅरिस येथील विद्युत् परिषदेने ओहम, व्होल्ट, अँपिअर इ. एककांना आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. १८६५ मध्ये पॅरिस येथेच २० राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय तारायंत्र संघ स्थापन केला होता. त्याच्या पहिल्या करारात आंतरराष्ट्रीय मार्गांवर मॉर्सचे यंत्र वापरावे असे नमूद होते. म्हणजे उपकरणाचा प्रकारच तहाने ठरविला गेला. हिंदुस्थान १८६९ मध्ये या संघात सामील झाला. हाच संघ १९३४ पासून आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघटना या नावाने ओळखला जातो.

दुसरा प्रवाह कायदेपंडितांचा. १८८३ च्या पॅरिस येथील औद्योगिक संपत्तीविषयक करारात खोटे व्यापारचिन्ह लावलेला माल आयातीच्या वेळी जप्त करण्याची तरतूद होती. १८९१ च्या माद्रिद येथील कराराने मालाच्या उगमस्थानाविषयीच्या खोट्या निर्देशांना आळा घातला. ब्रिटनमध्ये १८८७ मध्ये व त्याला अनुसरून हिंदुस्थानात १८८९ मध्ये मालावरील चिन्हांविषयीचा कायदा झाला. या कायद्यांच्या कर्त्यांसमोर कापड, चाकू-सुऱ्या, साबण, मद्य असा माल होता. तारायंत्राची सामग्री त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती, कारण ती बाजारात विकलीच जात नव्हती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या सात-आठ दशकांत बनावट दूरध्वनी हा प्रश्न जवळजवळ नव्हता, याचे कारण हेच होय. बहुतेक देशांत तार व दूरध्वनी ही सरकारची वा एकाच कंपनीची मक्तेदारी असे. भारतात १९४८ मध्ये बंगलोर येथे स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कारखान्यातून डाक-तार खात्याला संच मिळत व खाते ते ग्राहकाच्या घरी बसवीत असे. वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे. परंतु आलेला संच खोटा असण्याचा संभव नव्हता. फक्त रेडिओ हा खुल्या बाजारातील माल होता. तेथे निकृष्ट साधनांमुळे होणाऱ्या व्यत्ययाच्या मर्यादा ठरविण्यासाठी १९३४ मध्ये पॅरिस येथे एक खास आंतरराष्ट्रीय समिती सुरू झाली. अमेरिकेत १९६८ मधील कार्टरफोन प्रकरणाच्या निर्णयाने कंपनीबाहेरचे उपकरण दूरध्वनीच्या जाळ्याला जोडण्याचा हक्क मान्य झाला आणि त्यापाठोपाठ अशा उपकरणांची नोंदणी आली. यूरोपात प्रत्येक नमुन्याला शासकीय मान्यता घेण्याची पद्धत होती. १९९९ च्या यूरोपीय निर्देशाने ती बहुतांशी मोडीत काढून आपला माल मानकानुसार असल्याची घोषणा उत्पादकानेच करावी असे ठरविले. प्रामाणिक उत्पादकाचा वेळ त्यामुळे वाचला. तथापि घोषणा कागदावरची असल्याने तिचीही नक्कल करता येऊ लागली.

जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून अंमलात आलेल्या ट्रिप्स कराराने जाणूनबुजून व व्यापारी प्रमाणावर केलेली व्यापारचिन्हांची नक्कल हा फौजदारी गुन्हा मानण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले. जवळजवळ त्याच वेळी, डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूर येथे झालेल्या करारान्वये संगणक व दूरसंचार सामग्रीवरील आयात-शुल्क टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे ठरले. एका करारात नक्कल रोखण्याचे आश्वासन होते, तर दुसऱ्याने अशा मालाची वाहतूक पूर्वी कधी नव्हती इतकी सोपी केली.

२००४ च्या सुमारास तैवानमधील मीडियाटेक या कंपनीने मोबाईलला लागणारी बहुतेक मंडले व आज्ञावली एकत्र करून विकण्यास सुरुवात केली. ज्या कामासाठी पूर्वी शेकडो अभियंते लागत, ते आता मूठभर माणसांच्या कारखान्यात होऊ लागले. चीनने ऑक्टोबर २००७ मध्ये मोबाईल उत्पादनासाठी लागणारा परवाना रद्द केल्यावर शेंझेन शहरात अशा कारखान्यांचे पेव फुटले. त्यांच्या मालाला चिनी भाषेत ‘शानझाई’ म्हणजे डोंगरातला गड असे नाव पडले. सरकारी सत्तेला न जुमानणाऱ्या बंडखोरांचा गड, असा त्यात ध्वनी आहे. भारतात तो ‘चायना मोबाईल’ या नावाने ओळखला गेला. या संचांचा सरसकट निषेध करणे इतिहासाला धरून होणार नाही. दोन सिमकार्डांची सोय, मोठ्या आवाजाचे कर्णे, दिवसेंदिवस टिकणारी विद्युत् घटमाला अशा गरजा नामवंत कंपन्यांनी दुर्लक्षिलेल्या होत्या. त्या या कारखान्यांनी हेरल्या आणि पुढे नामवंतांनी त्याच सोयी उचलल्या. मात्र त्यांतील अनेक संचांवर चोरलेले नाव असे व कित्येकांना ओळख-क्रमांकच नसे.

नकलेचे धारिष्ट किती वाढले होते, हे २००६ मध्ये उघड झालेल्या एका प्रकरणावरून कळते. जपानच्या एनईसी कंपनीने दोन वर्षे शोध घेतल्यावर असे आढळले, की चीन, हाँगकाँग व तैवानमधील पन्नासहून अधिक कारखान्यांना कामे देणारी एक समांतर बनावट एनईसीच अस्तित्वात होती. येथे नक्कल वस्तूची नसून संस्थेची झालेली होती. मोबाईल हा वैयक्तिक वापराचा माल म्हणून काहींना हे प्रकरण किरकोळ वाटे. परंतु फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी सिस्को कंपनीच्या नावाच्या बनावट जाळे-उपकरणांविरुद्धच्या मोहिमेचा तपशील जाहीर केला, तेव्हा चारशेहून अधिक जप्त्या झाल्या होत्या आणि मालाची किरकोळ किंमत ७ कोटी ६० लाख डॉलरांहून जास्त होती. यातील काही माल सरकारी कार्यालयांपर्यंत पोहोचला होता. अमेरिकी सिनेटच्या सेनादल समितीच्या २०१२ च्या अहवालात संरक्षण सामग्रीत शिरलेल्या संशयास्पद इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १,८०० प्रकरणे नोंदविली असून त्यांतील सुट्या भागांची संख्या दहा लाखांवर जाते. यांतील पुष्कळसे भाग टाकून दिलेल्या जुन्या उपकरणांतून काढून, घासून व नवे ठसे मारून विकले गेले होते. म्हणजे बनावट माल हा बहुधा कोणाच्या तरी कचऱ्यातून जन्मतो.

या सर्वांना तोंड देण्यासाठी हाताशी असलेले साधन मुळात वेगळ्याच हेतूने निर्माण झालेले होते. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या जीएसएम पद्धतीत प्रत्येक संचाला आयएमईआय हा १५ अंकी क्रमांक दिलेला असतो. त्यातील पहिले आठ अंक संचाचा नमुना दर्शवितात, पुढील सहा अंक त्या नमुन्याच्या विशिष्ट संचाचे व शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने येणारा पडताळ्याचा असतो. संच जाळ्याशी जोडला जाताना हा क्रमांक विचारता येतो व नोंदवहीतील पांढऱ्या, करड्या वा काळ्या यादीशी तो ताडून सेवा द्यावी की नाही हे ठरविता येते. चोरीचे व सदोष संच अडविणे हा या योजनेचा मूळ उद्देश होता. संच कोणी बनविला, तो कसा चालतो, त्यात कोणती द्रव्ये आहेत, हे हा क्रमांक सांगत नाही. तो फक्त संचाने स्वतःविषयी केलेले विधान असतो आणि ते विधान ज्या स्मृतीत साठविलेले असते ती पुन्हा लिहिता येते.

भारत सरकारने २००८ मध्ये, प्रामुख्याने सुरक्षेच्या कारणास्तव, क्रमांक नसलेल्या किंवा नुसती शून्ये असलेल्या संचांना सेवा न देण्याचा आदेश काढला. अशा संचांची संख्या सुमारे अडीच कोटी असावी, असा त्या वेळचा अंदाज होता. मुदत वाढवून देण्यात आली आणि ३० नोव्हेंबर २००९ ही अखेरची तारीख ठरली. संच घेणाऱ्याने कोणताही गुन्हा केलेला नव्हता. रीतसर दुकानातून, पुष्कळदा महिन्याच्या कमाईचा मोठा भाग खर्चून त्याने तो घेतलेला होता. आयात अधिकाऱ्यांनी तो देशात येऊ दिलेला होता. क्रमांक नसलेल्या संचांच्या आयातीवर बंदी आली ती २००९ मध्येच. म्हणून मोबाईल कंपन्यांच्या संघटनांनी १९९ रुपयांत संचात अस्सल क्रमांक घालून देण्याची केंद्रे उघडली. हा तोडगा माणुसकीचा होता, पण त्याने एक तात्त्विक पेचही उभा केला. निकृष्ट संच आतून जसा होता तसाच राहिला. पैसे भरताच तो कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरला.

केन्याने ही सवलत दिली नाही. तेथील संदेशवहन आयोगाने सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस सुमारे १९ लाख संच बंद केले. भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची एम-पेसा ही पद्धत तेथे घरोघर पोहोचलेली असल्याने संच बंद पडणे म्हणजे पैशाची पिशवीही अडकणे होते. युक्रेनने २००९ पासून फक्त नोंदलेल्या क्रमांकांना सेवा देण्याची पद्धत अवलंबिली. तेथील शासकीय आकड्यांनुसार रीतसर आयात झालेल्या संचांचे प्रमाण दोन वर्षांत दहा टक्क्यांहून कमी होते ते नव्वद टक्क्यांच्या वर गेले. तुर्कस्तान, कोलंबिया, अझरबैजान, पाकिस्तान, इंडोनेशिया इ. देशांतही कमीअधिक फरकाने अशा याद्या आल्या. काही ठिकाणी यादीचा हेतूच पालटला. पाकिस्तानमध्ये व २०२५ पासून केन्यामध्ये ती आयात-कर वसुलीचे साधन झाली आहे. केन्यातील उच्च न्यायालयाने अशा नियंत्रण-यंत्रणेला खासगीपणाच्या कारणावरून २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविले होते. अपील न्यायालयाने २०२० मध्ये तो निर्णय फिरविला.

प्रत्यक्ष उपकरणे उघडून तपासण्याचे काम त्या मानाने थोडे झाले. ब्राझीलमधील एका संस्थेने बनावट संचांची परीक्षा केली असता सुमारे एकचतुर्थांश कॉल लागलेच नाहीत व लागलेल्यांपैकी जवळजवळ तितकेच मध्येच तुटले. ही संस्था नोकिया कंपनीने स्थापन केलेली होती, हे हा निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवावयास हवे. हैदराबाद येथील सी-मेट या सरकारी प्रयोगशाळेने तपासलेल्या संचांत शिशाचे प्रमाण मान्य मर्यादेच्या ३५ ते ४० पट आढळले. हे शिसे संच वापरणाऱ्यापेक्षा तो मोडणाऱ्या व जाळणाऱ्या भंगारवाल्याला अधिक घातक ठरते. घातक टाकाऊ द्रव्यांच्या वाहतुकीविषयीचा १९८९ चा बाझल करार येथे लागू पडतो. तथापि वापरलेले म्हणून पाठविलेले संच व निव्वळ कचरा यांतील सीमारेषा आखणे बंदरावरील अधिकाऱ्यांना कठीण जाते.

आंतरराष्ट्रीय दूरसंदेशवहन संघटनेने प्रथम निकृष्टतेच्या बाजूने या प्रश्नास हात घातला. जोहॅनिसबर्ग येथील २००८ च्या व ग्वादालाहारा येथील २०१० च्या परिषदांत उपकरणांची मानकानुरूपता व निरनिराळ्या उत्पादकांच्या उपकरणांची परस्परांशी जुळणी तपासण्याविषयी ठराव झाले. आपल्याकडे चाचणी-प्रयोगशाळा नसल्याने वाटेल तो माल येऊन पडतो, ही विकसनशील देशांची तक्रार होती. बनावट साधनांचा स्पष्ट नामनिर्देश असलेला ठराव (क्र. १८८) बुसान येथील २०१४ च्या पूर्णाधिकारी परिषदेत संमत झाला व लगेच नोव्हेंबरमध्ये जिनीव्हा येथे या विषयावर चर्चासत्र भरले. २०१६ च्या हाम्मामेत येथील सभेने मानकीकरण विभागावर तीच कामगिरी सोपविली.

या चर्चांतील मतभेद मूलगामी होते. व्यापारचिन्हांचे रक्षण हे जागतिक व्यापार संघटना व जागतिक बौद्धिक संपदा संघटना यांचे काम असून तांत्रिक संघटनेने त्यात पडू नये, असे अनेक प्रगत देशांचे म्हणणे होते. उलट, केवळ व्यापारचिन्ह पाहिल्यास कोणाचीही नक्कल न करणारा पण घातक असा नामहीन माल सुटून जातो, असा दुसऱ्या बाजूचा आक्षेप होता. प्रत्येक उपकरणाला जगभर एकाच रचनेतून ओळख देण्याच्या कल्पनेविषयी तर पाळतीची भीती व्यक्त झाली. ही भीती निराधार नव्हती, कारण बनावट मालाविरुद्धच्या उपायांवरील जनतेचा विश्वास नुकताच डळमळला होता. बंद दाराआड घडविलेला व २०११ मध्ये टोकिओ येथे सह्या झालेला ‘अ‍ॅक्टा’ हा बनावटविरोधी व्यापार करार यूरोपीय संसदेने जुलै २०१२ मध्ये ३९ विरुद्ध ४७८ मतांनी फेटाळला होता.

प्रश्नाची व्याप्ती सांगणारे आकडे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या अहवालानुसार २०१३ मध्ये माहिती व संदेशवहन तंत्राच्या जागतिक व्यापारापैकी ६·५ टक्के, म्हणजे सुमारे १४,३०० कोटी डॉलरांचा माल बनावट होता आणि देशोदेशी रवाना होणाऱ्या मोबाईलांपैकी जवळजवळ दर पाचवा खोटा होता. यूरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाने दूरसंदेशवहन संघटनेच्या सहकार्याने केलेल्या पाहणीत २०१५ मध्ये स्मार्टफोनच्या अधिकृत विक्रीत १२·९ टक्के म्हणजे ४,५३० कोटी यूरोंची घट दाखविली आहे. पहिला अंदाज सीमाशुल्क खात्यांच्या जप्त्यांवर आधारलेला आहे. जेथे झडती कसून घेतली जाते तेथे प्रमाण अधिक दिसणे स्वाभाविक होय. दोन्ही पाहण्या व्यापारातील हानी मोजतात. निकृष्ट संचामुळे ऐन वेळी न लागलेल्या कॉलची मोजदाद कोणत्याच तक्त्यात नाही.

संघटनेच्या २०१९ मधील क्यू.५०५० या शिफारशीत आयात, बाजार व जाळे या तिन्ही ठिकाणी बनावट साधने ओळखण्याची चौकट मांडलेली आहे. पुढील वर्षी चोरीच्या संचांविषयी व एकाच क्रमांकाच्या अनेक संचांविषयी स्वतंत्र शिफारशी कराव्या लागल्या. यांपैकी दुसरी शिफारस हीच क्रमांक-पद्धतीच्या मर्यादेची कबुली म्हणावी लागेल. क्रमांक सक्तीचा होताच नक्कल करणाऱ्यांनी खोटे नाव सोडून खरा क्रमांक चोरण्यास सुरुवात केली. मेरठ पोलिसांच्या तपासात २०२० मध्ये एकाच आयएमईआय क्रमांकावर साडेतेरा हजारांवर संच चालत असल्याचे निष्पन्न झाले. असा क्रमांक काळ्या यादीत घालावा, तर ज्याचा तो खरोखर आहे त्याचाही संच बंद पडतो.

भारताने याच सुमारास दोन्ही मार्गांना जोर दिला. दूरसंचार सामग्रीची चाचणी व प्रमाणन सक्तीचे करणारे नियम २०१७ मध्ये झाले व २०१९ पासून टप्प्याटप्प्याने लागू करण्यात आले; बेसावध बाजारापुढे प्रयोगशाळा उभी करण्याचा हा प्रयत्न १८६१ च्या समितीच्या मार्गाला जवळचा आहे. क्रमांकात फेरफार करणे २०१७ च्याच नियमांनी गुन्हा ठरविले आणि २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद अथवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. क्रमांकांची मध्यवर्ती नोंदवही १३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबई येथे, प्रथम महाराष्ट्र, गोवा, दमण व दीव आणि दाद्रा-नगर हवेली यांच्यापुरती सुरू झाली. मे २०२३ मध्ये ती ‘संचार साथी’ या नावाच्या सेवेचा भाग म्हणून देशभर खुली झाली. हरवलेले संच परत मिळविण्यात तिचा लोकांना चांगला उपयोग झाला आहे. मात्र नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्रीय दूरसंचार विभागाने, संचाचा अस्सलपणा पडताळता यावा म्हणून, प्रत्येक नव्या संचात संचार साथी उपयोजन आधीच बसविण्याचा आदेश उत्पादकांना दिला, तेव्हा पाळतीच्या शंकेने मोठा गदारोळ झाला व डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच सक्ती मागे घेण्यात आली.

जुना संच विकत घेणाऱ्याला सध्या उपलब्ध असलेली सोय साधी आहे. तारा, हॅश, शून्य, सहा, हॅश ही चिन्हे दाबली, की संच आपला क्रमांक दाखवितो. तो १४४२२ या क्रमांकावर संदेशाने कळविला, की नोंदवहीतून कंपनीचे व नमुन्याचे नाव परत येते. आलेले नाव आणि हातातील संच एकच आहेत की नाहीत, हे मात्र ग्राहकाने स्वतःच निरखून ठरवावयाचे असते.